सोसायटीचं सोलर आणि दुपारचा प्रश्न

"आमची सोसायटी आता पूर्णपणे सूर्यावर चालते, कॉमन बिल शून्य!" असा फॉरवर्ड हल्ली दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतो. बिल शून्य झालं असेल, त्यावर वाद नाही. पण रात्री ८ वाजता लिफ्ट चालते ती कोराडी-चंद्रपूरच्या कोळशावर नाहीतर कोयनेच्या पाण्यावर, कारण त्या वेळी गच्चीवरची पॅनेल्स काहीही करत नसतात.

नेट मीटरिंगमध्ये होतं काय, तर दुपारी तुम्ही ग्रिडला दिलेली युनिट्स रात्री घेतलेल्या युनिट्समधून वजा होतात. हा हिशोब कागदावर जुळतो, तारेत जुळत नाही. ग्रिड म्हणजे काही पाण्याची टाकी नाही, तिथे तुमची वीज कुणी भरून ठेवत नाही, जी वीज ज्या क्षणी तयार होते ती त्याच क्षणी कुणीतरी वापरावी लागते. तुमची दुपारची जादा वीज बहुतेक शेजारच्याच एखाद्या दुकानात खर्च झालेली असते. म्हणजे शेअरिंग तसं आधीच चालू आहे, फक्त त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

तो हिशोब इटलीने ठेवलाय. तिकडे उत्तरेला पिडमाँटमध्ये मालियानो आल्पी नावाचं साधारण दोन हजार वस्तीचं गाव आहे, तिथे २०२० च्या डिसेंबरमध्ये देशातल्या पहिल्या ऊर्जा समुदायांपैकी (म्हणजे जवळपासच्या लोकांनी मिळून वीज बनवून ती आपापसांत वाटून घेणारे गट) एक सुरू झाला, नगरपालिकेच्या छतावर २० किलोवॅटची पॅनेल्स आणि आसपासची घरं सभासद. जानेवारी २०२४ पासून तिथे देशभर जो नियम लागू आहे तो मला प्रचंड आवडतो. एकाच मोठ्या सबस्टेशनखालचे लोक एकत्र येऊ शकतात. मग प्रत्येक तासाला दोन आकडे बघायचे: सगळ्यांच्या पॅनेल्सनी मिळून ग्रिडमध्ये किती वीज सोडली, आणि सगळ्या सभासदांनी मिळून ग्रिडमधून किती घेतली. यातला जो आकडा लहान, तेवढीच वीज "वाटून घेतली" असं धरायचं. सरकारी प्रोत्साहन २० वर्षं मिळतं, पण फक्त त्या लहान आकड्यावर.

वरवर बघता किरकोळ नियम वाटतो, पण सगळं डिझाइन त्यातूनच निघतं. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट्स देतं, म्हणजे २० किलोवॅटची गच्ची साधारण ८० युनिट्स. समजा दुपारी १२ ते १ या तासात १४ युनिट्स तयार झाली, पण सगळे ऑफिसला गेलेत आणि फ्लॅट्समध्ये मिळून ६ च लागली, तर लहान आकडा ६. रात्री ८ ते ९ मध्ये लागतात १८, तयार होतं शून्य, लहान आकडा शून्य. आता यावर आणखी १० किलोवॅट पॅनेल्स लावली तर दुपारचा लहान आकडा किती होईल? ६ च. पैसे गेले, शेअरिंग तेवढंच.

त्याऐवजी खालच्या गाळ्यातली पिठाची गिरणी सभासद करून घ्या. ५ एचपीची मोटर म्हणजे तासाला पावणेचार युनिट्सच्या आसपास. दाताचा दवाखाना घ्या, आइस्क्रीमवाल्याचे डीप फ्रीझर घ्या, आणि पाण्याचा पंप जो वॉचमन सवयीने पहाटे ६ ला लावतो तो टायमर टाकून १२ ला लावा. लहान आकडा ६ वरून १३-१४ वर जातो आणि एकही पॅनेल वाढलेलं नसतं. म्हणून मी म्हणतो की पॅनेल किती लावायची याच्या आधी सभासद कोण घ्यायचे ते ठरवा. काही पॅनेल्स पूर्वेकडे आणि काही पश्चिमेकडे झुकवली तर एकूण वीज थोडी घटते, पण सकाळ-संध्याकाळचे तास भरतात. (वास्तुवाले दक्षिण अशुभ म्हणतात. सूर्य आपल्याकडे वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून जातो, त्यामुळे एकाच दिशेला लावायची असतील तर पॅनेलचं तोंड दक्षिणेलाच हवं, कुणाला कितीही अशुभ वाटो.)

आता जरा किचकट भाग. बहुतेक ठिकाणी हे गणित "सरासरी दिवस" धरून करतात आणि ते नेहमी जास्त गोड उत्तर देतं. जुलैतले दोन दिवस घ्या, गरज दोन्ही दिवशी दुपारच्या तासाला ७ युनिट्स. एका दिवशी ऊन पडलं, १२ युनिट्स तयार झाली, दुसऱ्या दिवशी ढग, फक्त २. सरासरी ७, गरजही ७, म्हणजे एक्सेल सांगणार की दोन दिवसांत १४ युनिट्स शेअर झाली. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी ७ आणि दुसऱ्या दिवशी २, एकूण ९. हा योगायोग नाही, लहान आकडा घेण्याच्या क्रियेचा गुणधर्मच असा आहे की सरासऱ्यांचा लहान आकडा हा लहान आकड्यांच्या सरासरीपेक्षा कमी कधीच येत नाही. त्यामुळे वर्षाचे ८७६० तास वेगवेगळे घ्यावे लागतात. "लहान आकडा घ्या" हे समीकरण सरळ रेषेचं नाही, पण कॉम्प्युटरला दोन अटी सांगायच्या, शेअर झालेली वीज तयार झालेल्यापेक्षा जास्त नको आणि गरजेपेक्षा जास्त नको, आणि म्हणायचं की या अटींत ती जमेल तेवढी वाढव. तो आपोआप लहान आकड्याला जाऊन टेकतो आणि सगळा प्रश्न साध्या लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये (सरळ रेषेच्या अटी पाळून सगळ्यात चांगलं उत्तर शोधायची पद्धत) बसतो. बॅटरी याच्यात शेवटी घालायची, कारण ती महाग, प्रत्येक चार्जिंगला थोडी वीज खाते, आणि पंपाचा टायमर त्यामानाने जवळजवळ फुकट.

मग भांडणाचा विषय: फायदा कुणाला किती? इथे गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांची १९५३ ची युक्ती वापरतात (२०१२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). सभासद सगळ्या शक्य क्रमांनी एकेक करून आत येतायत अशी कल्पना करायची, प्रत्येकाच्या येण्याने फायदा किती वाढला ते बघायचं आणि सरासरी घ्यायची. समजा पॅनेल असलेल्या 'अ' या सभासदाकडे दुपारी १० युनिट्स जादा आहेत आणि गिरणीला ८ लागतात. शेअरिंगचा फायदा ८ युनिट्स, दोघांना ४-४. आता दवाखाना आला, त्यालाही ८ लागतात. एकूण शेअरिंग १० झालं, पण वाटणी होते अ ला ६, गिरणीला २, दवाखान्याला २. म्हणजे नवा सभासद आल्याने समुदायाचा फायदा झाला आणि गिरणीवाल्याचा हिस्सा निम्मा झाला! त्याने एजीएममध्ये दवाखान्याला विरोध केला तर तो अडमुठा नाही, त्याचं गणित बरोबर आहे. म्हणून अ ला मिळालेल्या वाढीतले थोडे तरी गिरणीकडे वळवावे लागतात, निदान सुरुवातीची काही वर्षं. शिवाय या वाटणीसाठी सभासदांचा प्रत्येक शक्य गट धरून फायदा काढावा लागतो, २० सभासद असतील तर असे गट १० लाख ४८ हजार, ३० झाले की १०७ कोटी, त्यामुळे प्रत्यक्षात अंदाजी नमुने घेऊनच भागवतात. ब्लॉकचेनने (अनेक कॉम्प्युटरवर एकत्र ठेवलेली, मागाहून बदलता न येणारी खातेवही) हे सुटेल असं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१६ मध्ये शेजाऱ्यांनी एकमेकांना सोलर वीज विकायचा प्रयोग केला त्यानंतर बरंच ऐकू आलं, पण ब्लॉकचेन नोंद ठेवतं, वाटणी काय असावी ते सांगत नाही.

स्पेनने सोपा मार्ग धरला: प्रत्येकाचा टक्का सगळ्यांच्या सह्यांनी आधीच ठरवायचा. समजायला सोपं, पण ऑगस्टमध्ये एखादं कुटुंब महिनाभर सुट्टीवर गेलं की त्याच्या टक्क्याची वीज ग्रिडला स्वस्तात जाते आणि त्याच जिन्यावरचा शेजारी एसीसाठी पूर्ण दराने वीज विकत घेत बसतो.