युलिसिस ग्रँटची बायकोला पत्रं (१८५२–५४)

पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला ग्रँट चौथ्या पायदळ रेजिमेंटचा क्वार्टरमास्टर (सामानसुमान पुरवणारा अधिकारी) होता, तेव्हा त्याने पॅसिफिक किनाऱ्यावरून बायको ज्युलियाला लिहिलेली ही पत्रं. तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं म्हणून ती मागे राहिली. जुलै १८५२ मध्ये दुसरा मुलगा झाला, पण बापाला तो दोन वर्षं बघायला मिळाला नाही. ज्युलियाची उत्तरं फारशी उरलेली नाहीत, त्यामुळे संवाद एकतर्फीच वाचावा लागतो.

सुरुवातच आजारपणाने होते. न्यूयॉर्कहून पॅसिफिककडे जाताना ऐन पावसाळ्यात पनामाची संयोगभूमी ओलांडावी लागली, तिथे कॉलरा पसरला, ठरवलेली खेचरं आलीच नाहीत, आणि न्यूयॉर्कहून निघालेल्यांपैकी साधारण सातवा हिस्सा माणसं तिकडेच पुरावी लागली. जहाजावरून त्याने ज्युलियाला कळवलं की या दिवसांत तुला हा रस्ता झेपलाच नसता.

नंतर मात्र सगळं पैशावर येतं. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यामुळे तिकडे महागाई एवढी की बटाटे सोळा सेंट पौंड, कांदे साडेसदतीस, आणि कॅप्टनच्या पगारात आचारीसुद्धा ठेवता येत नव्हता! बायकोपोरांना बोलवायचं तर जोडधंदा हवा म्हणून फोर्ट व्हँकुव्हर या लष्करी ठाण्यावर त्याने बटाटे लावले, तर कोलंबिया नदीच्या पुराने बरंचसं पीक गेलं, आणि ते एका अर्थी चांगलंच झालं असं तोच नंतर आत्मचरित्रात लिहितो, कारण त्या वर्षी सगळ्यांनीच बटाटे लावलेले, काढायची मजुरी तरी वाचली. (हे आत्मचरित्रही त्याने १८८४–८५ मध्ये घशाच्या कॅन्सरने खंगताना, दिवाळं निघाल्यावर घरच्यांसाठी लिहिलं.)

१८५४ ची, उत्तर कॅलिफोर्नियातल्या फोर्ट हंबोल्ट ठाण्यावरची पत्रं सगळ्यात जड. २ फेब्रुवारीला लिहितो, इथे आल्यापासून तुझं एकच पत्र मिळालं आणि तेही तीनेक महिने जुनं. मध्येच दातदुखी. लोक या पत्रांत त्याच्या दारूच्या व्यसनाच्या खुणा शोधत बसतात, पण कागदावर दिसते ती हिशोबाची धास्ती: ६ मार्चला म्हणतो की राजीनामा देऊन घरी यावंसं वाटतं, पण विचार करायला बसलं की गरिबीच डोळ्यांसमोर उभी राहते.

तरी ११ एप्रिलला कॅप्टनपदाची सनद मिळाल्याची पोच दिली आणि त्याच दिवशी राजीनामाही लिहून टाकला. न्यूयॉर्कला पोचला तेव्हा हॉटेलच्या बिलाचीही सोय नव्हती, ती वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतला जुना दोस्त सायमन बकनरने सांभाळली, ज्याला १८६२ मध्ये अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढताना फोर्ट डोनेलसनला याच ग्रँटपुढे शरण यावं लागलं.