तेल दक्षिणेचं, वाट उत्तरेची

नव्या देशाचा राजदूत येतो तो सहसा गुंतवणूक, शिष्यवृत्त्या, व्हिसा अशी कामं घेऊन. 2011 मध्ये सुदानपासून वेगळा झालेल्या दक्षिण सुदानच्या दिल्लीतल्या राजदूतांच्या फायलीत मात्र सगळ्यात वर होतं खार्टुमशी, म्हणजे सुदान सरकारशी, चाललेलं तेलाचं भांडण. त्यात त्यांनी दिल्लीकडे आशेनं बघावं, याला कारणही होतं.

2003 मध्ये ओएनजीसी विदेश या भारताच्या सरकारी तेल कंपनीने कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीचा सुदानमधल्या ग्रेटर नाईल तेल प्रकल्पातला 25 टक्के हिस्सा विकत घेतला. मानवी हक्क संघटनांनी धारेवर धरल्यामुळे टॅलिस्मनला तिथून निघायचंच होतं. चीनच्या सीएनपीसीकडे 40, मलेशियाच्या पेट्रोनासकडे 30 आणि सुदानच्या सरकारी कंपनीकडे 5 टक्के हिस्सा होता. त्याच वर्षी सुदानचं तेल मंगळूरच्या रिफायनरीत येऊ लागलं.

तेल दक्षिणेतल्या बेंटिऊ भागात सापडलं 1978 मध्ये, अमेरिकेच्या शेवरॉन कंपनीला. पाचच वर्षांत उत्तर-दक्षिण यादवी पेटली. 1999 मध्ये सुमारे 1,600 किलोमीटरची पाइपलाइन पूर्ण होऊन तेल लाल समुद्रावरच्या पोर्ट सुदानला पोहोचलं. 2005 च्या शांतता कराराने दक्षिणेतल्या तेलाचं उत्पन्न निम्मं-निम्मं वाटलं आणि दक्षिणेला सार्वमताचा हक्क दिला. जानेवारी 2011 मध्ये जवळजवळ 99 टक्के मतं वेगळं होण्याच्या बाजूने पडली. 9 जुलैला देश झाला. तीन चतुर्थांश तेल दक्षिणेकडे आलं. पाइपलाइन, रिफायनऱ्या आणि बंदर उत्तरेकडेच राहिलं. घराची वाटणी झाली, पण विहिरीकडे जायच्या वाटेचं काय ते कुणी कागदावर आणलंच नाही. इतक्या मध्यस्थांच्या देखरेखीखाली झालेल्या फाळणीत हे राहून जावं, याचं आजही नवल वाटतं.

मग पाइपलाइनच्या भाड्यावरून जुंपली. खार्टुमने पिंपामागे 36 डॉलर मागितले, जुबाने, म्हणजे दक्षिणेच्या सरकारने, एक डॉलरहूनही कमी देऊ केला. थकलेल्या भाड्यापोटी म्हणून खार्टुमने तेल वळवून घ्यायला सुरुवात केली. जुबाच्या मते ही 81.5 कोटी डॉलरची चोरी होती. जानेवारी 2012 मध्ये जुबाने दिवसाला सुमारे साडेतीन लाख पिंपांचं उत्पादनच बंद करून टाकलं. सरकारचं 98 टक्के उत्पन्न त्यातूनच यायचं. शिवाय हे तेल मेणचट. वाहतं राहिलं नाही तर पाइपलाइनमध्येच थिजतं, म्हणून बंद करताना ती पाण्याने धुऊन काढावी लागते. एप्रिलमध्ये दक्षिणेच्या सैन्याने उत्तरेतला हेग्लिगचा तेलपट्टा घेतला आणि आंतरराष्ट्रीय दबाव वाढल्यावर दहाएक दिवसांत सोडला.

भारताची अडचण अशी की ओएनजीसी विदेशच्या विहिरी आता सीमेच्या दोन्ही बाजूंना होत्या: युनिटी दक्षिणेत, हेग्लिग उत्तरेत. खार्टुम ते पोर्ट सुदान ही तयार इंधनाची 741 किलोमीटरची पाइपलाइनही भारतानेच बांधून दिलेली. एकाची बाजू घेतली की दुसरीकडचा पैसा धोक्यात. दिल्लीने विशेष दूत नेमला, दोघांनाही समजुतीचे चार शब्द सांगितले. त्यापलीकडे फारसं काही करता येण्याजोगं नव्हतंच. खरी घासाघीस झाली ती आफ्रिकी संघाच्या वतीने मध्यस्थी करणाऱ्या, दक्षिण आफ्रिकेच्या माजी अध्यक्ष थाबो म्बेकींसमोर, इथिओपियातल्या अदिस अबाबात.

27 सप्टेंबर 2012 ला करार झाला. कोणत्या पाइपलाइनने तेल जातं त्यानुसार पिंपामागे 9.10 किंवा 11 डॉलर, आणि वर उत्तरेच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून आणखी 15 डॉलर, एकूण 302.8 कोटी डॉलर फिटेपर्यंत. एप्रिल 2013 मध्ये तेल पुन्हा वाहू लागलं. डिसेंबरात दक्षिणेतच यादवी भडकली आणि युनिटीच्या विहिरी पुन्हा थंडावल्या.

करारातली रक्कम ठरीव होती. तेलाचा भाव वर असताना ते कुणाला खुपलं नाही. 2016 च्या सुरुवातीला भाव 30 डॉलरच्या आसपास घसरला, तेव्हा त्यातले 24 ते 26 डॉलर खार्टुमलाच द्यावे लागत होते. जुबाने पुन्हा गाऱ्हाणं मांडलं, आणि फेब्रुवारीत खार्टुमने आकारणी बाजारभावाशी जोडायला मान्यता दिली.