उचल म्हणजे सावकारी कर्ज नव्हे

दिवाळी सरली की वीटभट्ट्या पेटतात, साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत तेच फोन यायला लागतात. "आम्हाला घरी जायचंय, मालक सोडत नाही. उचल बाकी आहे म्हणतो." उचल म्हणजे कामाआधी मजुराला दिलेली आगाऊ रक्कम. फोन घेणारा गावातला कार्यकर्ता असो, सरपंच असो नाहीतर तालुक्याचा वकील, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बाकी किती आहे?" प्रकरण चुकीच्या वाटेला लागतं ते इथेच. सावकारी प्रकरणात हा प्रश्न अगदी बरोबर आहे. वेठबिगारीत तो पहिला विचारायचा नसतो, आणि त्याच्या उत्तरावर तडजोड तर करायचीच नसते.

सावकारी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणं हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे. कलम ३९ प्रमाणे ५ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना असला तरी दर सरकारने बांधलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर कलम १८ खाली अर्ज करायचा; अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतला व्यवहार सावकारीतला निघाला तर तो अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. मायक्रोफायनान्स कंपन्या या कायद्यात बसत नाहीत, त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात, तेव्हा त्यांची तक्रार उपनिबंधकाकडे नेऊन दिवस घालवू नयेत. सावकारीच्या साऱ्या लढाईचा जीव हिशोबात असतो: किती घेतले, किती फेडले, व्याज कितीने लावलं, कोरा स्टॅम्प आणि धनादेश कुणाकडे आहेत.

आता उचल. पावसाळ्यात, हाताला काम नसताना आणि डब्यात दाणा नसताना, मुकादम किंवा भट्टीमालकाचा माणूस पाड्यावर येतो. कातकरी वाड्यांवर ही रक्कम कधी काही हजारांचीच असते. ऊसतोडीत एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, ती ५० हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. या पैशांवर व्याज बहुधा लावलेलं नसतं, आणि सगळा घोळ याच एका गोष्टीतून होतो. "बिनव्याजी दिलेत, मालक चांगला आहे," असं मजूरही म्हणतो आणि मदत करणारेही मान डोलावतात. सावकारी कायदा व्याजाने दिलेल्या पैशांचा आहे, त्यामुळे तिथला अर्ज टिकत नाही. मग लोक समजतात की यात गुन्हाच नाही.

व्याज नसतं, कारण मालकाला व्याज नकोच असतं. त्याला हंगामभर, तो म्हणेल त्या दरात, मध्येच सोडून न जाणारं कुटुंब हवं असतं. सावकाराची वसुली पैशात होते, दागिन्यात होते, जमिनीत होते. मालकाची वसुली माणसाच्या कामात होते आणि त्याला जागचं हलू न देण्यात होते. शून्य टक्के व्याजाची उचलही पूर्ण वेठबिगारी असू शकते, आणि महिन्याला १० टक्क्यांनी घेतलेलं पठाणी कर्ज, कर्जदार हवं तिथे काम करायला मोकळा असेल तर, वेठबिगारी नसतं. ते वाईट आहे, बेकायदा आहे, पण त्याचा कायदा वेगळा आणि कार्यालयही वेगळं.

१९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला जातो. त्याची व्याख्या लांबलचक आहे, पण साचा सोपा आहे. एका बाजूला कारण: मजुराने किंवा त्याच्या आईबापांनी, आजोबांनी घेतलेली उचल, त्यावरचं व्याज, किंवा जातीने आणि रूढीने लादलेलं बंधन. दुसऱ्या बाजूला परिणाम, आणि तो चारांपैकी कुठलाही: मजुरी नाही किंवा नाममात्र, दुसरीकडे काम करण्याची मोकळीक गेली, कुठेही जाण्या-येण्याची मोकळीक गेली, किंवा स्वतःच्या श्रमाचा माल बाजारभावाने विकण्याचा हक्क गेला. चारही लागत नाहीत, एक पुरे. "पण ते तर बाजाराला जातात, कोंडून कुठे ठेवलंय?" हे वाक्य तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात इतक्यांदा ऐकू येतं की संताप होतो. कायद्यात साखळीही नाही आणि कुलूपही नाही. लेखी कागदाची अटही नाही.

म्हणून पहिले प्रश्न असे हवेत. उद्या शेजारच्या भट्टीवर हजार विटांमागे शंभर रुपये जास्त मिळाले तर तिकडे जाता येईल का? गावी मयत झाली तर सगळं कुटुंब जाऊ शकतं, की बायको नाहीतर एक मूल मागे ठेवावं लागतं? मागच्या हंगामाची बाकी होती म्हणून या हंगामाला यावं लागलं का? आणि हातात नेमके किती पडतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं की बहुतेक वेळा पुढचं चित्र स्पष्ट होतं.

शेवटच्या प्रश्नाचा हिशोब मात्र नीट करावा लागतो, कारण मालक "मजुरी देतो की" म्हणून खर्चीची वही पुढे करतो. खर्ची म्हणजे मजुरी नव्हे. आठवड्याच्या बाजारापुरते दिलेले ते पैसे असतात. समजा, हजार विटांना ७०० रुपये दर ठरला आहे. नवरा, बायको आणि थोरली मुलगी मिळून दिवसाला हजार विटा पाडतात. सहा दिवसांचे ४,२०० झाले. हातात खर्ची १,२०० आली, बाकी उचलीत वळती केली असं सांगितलं. तीन माणसं आणि सहा दिवस, म्हणजे १८ मनुष्यदिवस. ठरलेल्या दराने माणशी दिवसाला २३३ रुपये पडतात आणि प्रत्यक्ष हातात येतात ६७ च्या आत. हे दोन्ही आकडे त्या भागाच्या किमान वेतनाशी ताडून पाहा. पुष्कळदा दर ठरतानाच तो खाली गेलेला सापडतो. फुटलेल्या, पावसात भिजलेल्या विटा मोजणीत धरल्या का, हेही विचारा. आणि राबणारा प्रत्येक हात मोजा. मालकाच्या वहीत एकट्या नवऱ्याचं नाव असतं, त्यामुळे भागाकार एकानेच होतो आणि मजुरी फुगलेली दिसते.

किमान वेतनापेक्षा कमी मजुरीला या कायद्यात नाममात्र मजुरीच म्हटलं आहे. दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकामावर राबलेल्या मजुरांच्या १९८२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनाखाली करून घेतलेलं काम हे राज्यघटनेच्या कलम २३ प्रमाणे सक्तीचं श्रम आहे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८३ मध्ये, वेठबिगारांच्या सुटकेसाठी लढणाऱ्या बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की सक्तीचं श्रम दिसलं की त्यामागे उचल आहे असंच गृहीत धरायचं; तसं नाही हे दाखवणं मालकाचं आणि सरकारचं काम. कायद्याच्या कलम १५ मध्येही ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आहे. तरीही चौकशीला आलेला अधिकारी मजुरालाच विचारतो, "उचल घेतल्याचा पुरावा आहे का?" त्याला ही दोन्ही उत्तरं तिथल्या तिथे, लेखी द्यावीत.

ऊसतोडीत उचल फुगते ती खाड्याने. आजारपणात एक दिवस फडात गेलं नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर पाचशे-हजार रुपये खाडा उचलीत चढतो. गर्भाशय काढून टाकलेल्या बीडमधल्या ऊसतोड बायकांबद्दल राज्यात इतकी चर्चा झाली, तेव्हा या खाड्याबद्दल जेवढं बोलायला हवं होतं तेवढं कुणी बोललं नाही. व्याजाचा रकाना शोधत बसलात तर तो सापडणार नाही. खाड्याचा रकाना शोधा.

आता ज्या चुकीने सर्वांत जास्त नुकसान होतं ती. वेठबिगारी ठरली की कलम ६ प्रमाणे ते कर्ज संपतं. हप्ते पडत नाहीत, सवलत मिळत नाही, मुळातून संपतं. त्यासाठी दावा लावता येत नाही, न्यायालयाचा आधीचा हुकूमनामा असला तर तो पूर्ण फिटला असं धरतात. संपलेल्या कर्जापोटी मालकाने पैसे घेतले तर कलम ९ खाली तोच गुन्हा होतो, ३ वर्षांपर्यंत कैदेचा. असं असताना पोलीस चौकीत बसून "निम्मी उचल आत्ता, निम्मी पुढच्या हंगामात" असा कागद करणारे कार्यकर्ते आहेत, आणि त्याला ते यश म्हणतात. त्या कागदावर मजुराने बंधन स्वतःच्या अंगठ्याने कबूल केलेलं असतं. ब्रिटनने १८३३ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपवली तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली, ती गुलामांच्या मालकांना. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांना काहीही मिळालं नाही. कॅरिबियन देशांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भरपाईची मागणी आजही उभी आहे, त्यामागे हा उलटा हिशोब आहे. चौकीतली तडजोड तोच हिशोब वीटभट्टीवर करते: सुटणारा मजूर सोडणाऱ्या मालकाला पैसे देतो. ठाणे जिल्ह्यात १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर उभे राहिलेले वारली, लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्यांची सुटका मागत होते, हप्ते मागत नव्हते. १९८० च्या दशकात वसईत श्रमजीवी संघटनेनेही तेच धरून ठेवलं.

प्रत्येक उचल वेठबिगारी नसते, हेही तितकंच खरं. मजुरी किमान वेतनाइतकी मिळते, काम सोडायला अडवणूक नाही, आणि मालक उरलेली रक्कम नुसती मागतो आहे, तर ते साधं देणं आहे. उठसूट वेठबिगारीचा अर्ज टाकला की खऱ्या अर्जांकडेही प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, संशयाने पाहू लागतात.

मालकाचा किंवा मुकादमाचा हमखास डाव म्हणजे मजूर निघून गेला की फसवणुकीची फिर्याद, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४२० खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ खाली. फसवणुकीला पैसे घेतानाच फसवायचा हेतू असावा लागतो. चार महिने राबून गेलेल्या माणसाला तो चिकटत नाही. पण त्याआधी आपला अर्ज पोचवलेला असावा, पोचेवर तारीख आणि वेळ असावी. अर्ज जिल्हाधिकारी आणि प्रांत यांना, प्रत पोलीस अधीक्षकांना. फक्त कामगार कार्यालयात अर्ज करू नये: तिथे थकीत मजुरीचा वाद चालतो, मुक्ततेचा दाखला, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचं सरकारी प्रमाणपत्र, मिळत नाही. अर्जात गाव, गट नंबर, कुटुंबं किती, मुलं किती, उचल कधी आणि कुणी दिली, आणि कुठली मोकळीक गेली हे साध्या शब्दांत हवं. "मजुरीवरून वाद" हे शब्द पंचनाम्यात येऊ देऊ नका. जबाब मालकाच्या नजरेआड, एकेकाचा वेगळा.

दाखल्याच्या बाबतीत एक हट्ट धराच. तो प्रत्येकाच्या नावाने वेगळा हवा, बायकोच्या आणि मुलांच्याही. केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणांत ३ लाख आहेत. एकट्या नवऱ्याच्या नावाचा दाखला घेऊन परतलेल्या कुटुंबाने आपल्या हक्काचा मोठा वाटा भट्टीवरच सोडलेला असतो. सुटकेनंतरची तातडीची मदत, २०२२ च्या सुधारणेनंतर ३० हजारांपर्यंत, खटल्याच्या निकालाची वाट न पाहता मिळायला हवी. मोठी रक्कम आरोपीच्या शिक्षेशी जोडलेली आहे, म्हणून गुन्हा नोंदवताना एकट्या १९७६ च्या कायद्यावर थांबू नये: त्यात दंड अजूनही जास्तीत जास्त २,००० रुपये आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे. न्याय संहितेचं कलम १४६, फसवून आणलं असेल तर १४३, आणि मजूर अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर अत्याचार प्रतिबंध कायद्याचं ३(१)(एच) हीही कलमं लावून घ्यावीत. बुडालेल्या मजुरीचा दावा या सगळ्याखेरीज, वेगळा करायचा. पुनर्वसनाची रक्कम मिळाली म्हणून तो सोडू नये, आणि बँकेतलं खातं बाईच्या स्वतःच्या नावाने, सुटकेच्या आठवड्यातच उघडून घ्यावं.