शास्त्राभ्यास, प्रौढांचा (ग्रामीण विदर्भ)

वय किंवा शालेय शिक्षण आड येऊ न देता बायबल आयुष्यभर ऐकत, पाठ करत आणि वाचत राहण्याची विदर्भातील ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्यांची रीत. रविवारची उपासना, शब्बाथशाळा (रविवारी भरणारा बायबल-वर्ग), घरोघरची प्रार्थनासभा आणि कुटुंब-उपासना ही तिची नेहमीची ठिकाणे.

नव्या करारात (बायबलच्या उत्तर भागात) ‘शिष्य’ या अर्थी येणाऱ्या ‘माथेतेस’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘शिकणारा’ असा आहे. मत्तय ११:२९ मध्ये येशू आपले जू घेण्यास आणि आपल्यापासून शिकण्यास एकाच वाक्यात सांगतो. गोऱ्ह्याला मुरलेल्या बैलाशेजारी जुंपून वळण लावणाऱ्या शेतकऱ्याला हे वचन फोड करून सांगावे लागत नाही.

चिकाटीसाठी नव्या करारात येणारा प्रमुख शब्द ‘हुपोमोने’ हा होय. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘मेनो’ म्हणजे राहणे. ओझ्याखालून न निसटता टिकून राहणे, असा त्याचा भाव. मराठीत त्यासाठी ‘धीर’ आणि ‘सहनशीलता’ असे दोन्ही शब्द वापरले जातात. ‘सहनशीलता’ म्हटले की सोसणे तेवढे उरते. पेरणीनंतर पावसाने ताण दिला की गावात ‘धीर धर’ म्हणतात. त्यात वाट पाहणेही आहे आणि हातचे काम न सोडणेही. लूक ८:१५ मध्ये चांगल्या जमिनीत पडलेले बी याच हुपोमोनेने फळ देते, म्हणून येथे ‘धीर’ हाच शब्द अधिक योग्य वाटतो. मात्र कर्जात बुडालेल्या कुटुंबाला मुकाट्याने सोसायला सांगणे म्हणजे धीराचा उपदेश, असा अर्थ या वचनातून निघत नाही आणि कोणी काढूही नये.

मराठी बायबलच्या आरंभाशी विदर्भाचा संबंध किती, याविषयी मतभेद आहेत. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूर (बंगाल) येथे मत्तयकृत शुभवर्तमान बहुधा १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ च्या सुमारास मराठीत छापला गेला. त्यांचे साहाय्यक पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे मानले जातात. त्यावरून श्रीरामपुरी भाषांतराची भाषा ‘नागपुरी’ होती आणि म्हणूनच ते पश्चिम महाराष्ट्रात रुजले नाही, असे मत मांडले जाते. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला, ही गोष्ट या मताला काहीशी पुष्टी देते. तरीही भोसलेकालीन पंडिताची लेखी मराठी आणि शेतमजुराची वऱ्हाडी या दोन्ही एकच धरणे सयुक्तिक नाही. लेखनात प्रांताची छटा होती, पण बोली नव्हती, असे म्हणणे अधिक सावधपणाचे ठरेल. पुढे पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा आधार घेऊन, कमी शिकलेल्या स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

पुस्तकी भाषा आणि तोंडची भाषा यांतले अंतर आजही वाचताना दिसते. कापूस वेचून आलेली साठीची बाई कंदिलाशी किंवा दिव्याखाली तेविसावे स्तोत्र काढते. ते तिला कधीचेच पाठ असते. ती पाठांतरावरून अक्षरे शोधत जाते. ‘परमेश्वर’मधल्या ‘श्व’पाशी बोट थांबते. पुढे छापलेले असते ‘मला’, आणि तोंडातून येते ‘मले काही उणे पडणार नाही’. शेजारी बसलेली नात दुरुस्ती करते; आजी मान हलवते आणि पुढच्या ओळीत पुन्हा ‘मले’च म्हणते. ही चूक मानण्याचे कारण नाही. वचन तिच्या बोलीत उतरल्याचीच ही खूण आहे. ऐकणे, पाठ करणे आणि मग वाचणे हा क्रम शाळेच्या उलट असला, तरी प्रौढांना तोच सोपा जातो. पाळकांइतकाच बायबल-स्त्रियांनीही, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रियांनीही, तो जपला आहे.

शिकवणारेही शिकत राहिले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा आणि धर्मकार्य सांभाळून त्यांनी या भागातील खडक, जीवाश्म आणि गोंडी भाषा यांचा अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला; टाकळघाटची शिळावर्तुळे हा तेव्हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आदिवासींविषयीची त्यांची टिपणे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केली. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चे.

पाळकांच्या उच्च शिक्षणासाठी यवतमाळ येथे १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्यास हलली. रोमन कॅथलिकांत गावोगावी शास्त्र शिकवण्याचे काम धर्मशिक्षकांकडे असते. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असल्याने तेथील प्रौढाला मराठी शास्त्र वाचण्यासाठी अक्षरांबरोबर भाषाही नव्याने शिकावी लागते.