मुलांच्या मोबाइलवर नजर: किती, कुठे आणि कशी

दहावीचा निकाल लागतो, भांडुपच्या मुलीला माटुंग्याचं कॉलेज मिळतं आणि लोकलच्या पासाबरोबर हातात स्वतःचा स्मार्टफोन येतो. या फोनवर आईबाबांनी नजर ठेवावी का? ठेवावी, पण तिला सांगून. आणि कुंपण घालायचं ते फोनला, तिच्या गप्पांना नव्हे.

२००० साली स्वीडनमधल्या होकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या संशोधकांनी १४ वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईवडिलांना मुलांबद्दल जे ठाऊक होतं, त्यातलं बहुतेक मुलांनी आपणहून सांगितलेलं होतं. खोदून विचारण्यातून किंवा धाकातून फारसं कळलेलं नव्हतं. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, तरी हा निष्कर्ष आज जास्तच लागू पडतो. चोरून चॅट वाचल्याचं एकदा मुलाला कळलं, की त्याचं आपणहून सांगणंच आटतं.

म्हणून मोकळं सोडा, असं मात्र नाही. २००५ सालच्या एका प्रयोगात गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी एकट्यापेक्षा बरेच जास्त धोके पत्करले. प्रौढांच्या बाबतीत तसं झालं नाही. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे रात्री दोन वाजताही शेजारी बसलेले मित्रच.

आता चोरून पाहणाऱ्या ॲपचं काय? व्हॉट्सॲपचा मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही. त्यामुळे असं ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (अपंगांच्या सोयीसाठी स्क्रीन वाचू देणारी) परवानगी घेऊन थेट स्क्रीनवरचा मजकूर टिपतं. लपून काम करणारी ॲप्स प्ले स्टोअरला चालत नाहीत, म्हणून ती वेबसाइटवरून टाकावी लागतात आणि त्यासाठी घातक ॲप्स पकडणारं फोनचं ‘प्ले प्रोटेक्ट’ बंद करायला सांगितलं जातं. म्हणजे सुरक्षेसाठी आधी पहारेकरीच घरी पाठवायचा! पुढे मुलीचे फोटो आणि गप्पा परक्या कंपनीच्या सर्व्हरवर साठतात. अशा कंपन्यांचा डेटा फुटल्याचे प्रकार एकापेक्षा जास्त वेळा घडले आहेत. हा मार्ग घेऊच नये.

त्यापेक्षा गूगलचं पालकांसाठीचं मोफत ॲप ‘फॅमिली लिंक’ बरं. ते चॅट दाखवत नाही, आणि तेच योग्य आहे. मुलाचं गूगल खातं फॅमिली ग्रुपमध्ये जोडा, नवीन ॲपसाठी पालकाची मंजुरी लागेल असं करा, रात्री साडेदहा ते सकाळी सहा फोन बंद राहील अशी वेळ लावा. हे सगळं मुलासमोर बसून करा आणि कुठली अट कधी सैल होणार, तेही तेव्हाच ठरवा.

इथे हमखास फसतं ते जन्मसालावर. बऱ्याच मुलांनी वय वाढवून खाती उघडलेली असतात, मग ती प्रौढ धरली जातात. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी खाती जाहीर केली. त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. देखरेख जोडली, तर गेल्या सात दिवसांत मुलाने कुणाला मेसेज केले ते पालकांना दिसतं, मजकूर दिसत नाही. जन्मसाल खोटं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. तेव्हा आधी ते दुरुस्त करा. फोनमध्ये ‘सेकंड स्पेस’ (त्याच फोनमधला वेगळा, दुसरा कप्पा) किंवा दुसरं गूगल खातं आहे का, तेही बघा. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ग्रुपमध्ये घेण्याचा अधिकार फक्त ओळखीच्या नंबरांना द्या आणि अनोळखी कॉल म्यूट करा.

लोकेशनबद्दल एक सूचना. जीपीएसला मोकळं आकाश लागतं. लोकलच्या पत्र्याच्या छताखाली सिग्नल क्षीण होतो, मग फोन टॉवर आणि वायफायवरून अंदाज बांधतो. ठिपक्याभोवतीचं वर्तुळ म्हणजे त्या अंदाजातली चूक. शिवाय बॅटरी सेव्हर सुरू असेल, तर ठिपका जुन्याच जागी राहू शकतो. ठिपका कुर्ल्याला अडकला म्हणजे मुलगी कुर्ल्याला उतरली असं नव्हे. आधी फोन करा, मग काळजी.

चॅट वाचायची वेळ कधी येते? स्वतःला इजा करण्याच्या गोष्टी, कुणी पैसे किंवा फोटो मागणं, अनोळखी प्रौढाचा लागलेला नाद, अशी ठोस शंका आली तर. तेव्हाही मुलाला सांगून, त्याच्या शेजारी बसून.

फोटोवरून धमकी आली की मुलं गप्प बसतात, कारण फोन जाईल ही धास्ती. म्हणून ‘सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही’ हा शब्द आजच द्या आणि पाळा. धमकी आलीच तर पैसे देऊ नका, मागणी वाढतच जाते. चॅट डिलीट करू नका. प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या. मुलाचा नग्न फोटो मात्र पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका, तो पाठवणं हाच कायद्याने गुन्हा ठरू शकतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, मन खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा फोटो न मागता फोनवरच त्याची आकड्यांतली खूण बनवते. त्या खुणेवरून सहभागी कंपन्या तो फोटो आपल्याकडे शोधून हटवू शकतात.