चेंगराचेंगरीत माणसे तुडवली जाऊनच मरतात का?

‘लोक घाबरून पळत सुटतात, एकमेकांना तुडवतात आणि म्हणून माणसे दगावतात’, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्रत्यक्षात अशा दुर्घटनांतील बहुतेक मृत्यू गुदमरून होतात, कारण चहूबाजूंच्या दाबामुळे छाती फुगायला जागा उरत नाही. काही जण तर उभ्या-उभ्याच बेशुद्ध होतात. पळायला मुळात वाव नसतो. पडताळा घरीही घेता येतो: खडूने १ चौरस मीटरचा चौकोन आखून त्यात चार जण उभे करा, ते मोकळे राहतात, सहा-सात झाले की अंगाला अंग भिडते. ठाणे स्थानकाच्या पुलावर, पावसात, जिन्याच्या तोंडाशी पुढचे लोक थबकतात (बहुधा छत्री उघडण्यापुरतेच), मागच्यांना ते दिसत नाही, ते चालतच राहतात, आणि कोणीही घाबरलेले नसताना दाब वाढत जातो.