जागल्या

जागल्या : गावाची रात्रीची राखण करणारा, परक्या माणसांवर नजर ठेवणारा आणि चोरीचा माग काढणारा वतनी गावकामगार. पुणे-सातारा भागात हे काम बहुधा रामोशांकडे, खानदेशात भिल्लांकडे, तर सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात काही ठिकाणी कोळ्यांकडे असे. वेसकर (बोलीत येसकर) आणि जागल्या यांची पुष्कळदा गल्लत होते. वेसकराचे काम वेशीशी बांधलेले, आणि ते महारांच्या वतनाचा भाग होते. जागल्याची हद्द मात्र शिवेपर्यंत जाई. लहान गावांत दोन्ही कामे एकाच घराण्याने केल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे जुन्या कागदांत नावापेक्षा कामाचे वर्णन पाहणे इष्ट.

गावगाड्यातील त्याच्या जागेविषयी याद्यांत एकवाक्यता नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने (1826) दिलेल्या यादीत रामोशी व तराळ (म्हणजे वेसकर) हे अलुतेदारांत, म्हणजे दुय्यम हक्काच्या गावकामगारांत येतात, बारा बलुतेदारांत नाहीत. इतर काही याद्यांत राखणदाराला थेट बलुत्यात धरले आहे. बलुत्याच्या याद्या परगण्यागणिक बदलतात. ज्या गावाला चोरांचे भय अधिक, तिथे राखणदाराचा हक्कही वरच्या ओळीत असणे स्वाभाविक होते. एकच यादी प्रमाण मानून दुसरी चुकीची ठरवण्याचे कारण दिसत नाही.

‘रामोशी’ या नावाच्या व्युत्पत्तीवर बरेच लिहिले गेले आहे. समाजात रूढ असलेली परंपरा ते ‘रामवंशी’वरून आल्याचे सांगते आणि प्रभू रामचंद्राशी नाते जोडते. दुसरे मत ‘रानवासी’ या शब्दाकडे बोट दाखवते. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने दोन्ही ओढूनताणून बसवता येतात, परंतु त्या शब्दांपासून ‘रामोशी’पर्यंतच्या पायऱ्या दाखवणारा लेखी पुरावा पुढे आलेला नाही. कॅप्टन मॅकिंटॉशने 1833 मध्ये रामोशांवर स्वतंत्र वृत्तांत लिहिला. त्यांच्या सांकेतिक बोलीतील दाक्षिणात्य वळणाचे शब्द आणि बेरड या दक्षिणेकडील समाजाशी सांगितले जाणारे नाते यांवरून हा समाज दक्षिणेकडून सरकत आला असावा, असे अनुमान पुढे मांडले गेले. नावाच्या व्युत्पत्तीपेक्षा हा भाषिक पुरावा अधिक भरवशाचा वाटतो, मात्र त्यावरून स्थलांतराचा काळ ठरवणे धाडसाचे होईल.

जागल्याच्या कामाचे सर्वांत नेटके वर्णन इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या, पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरील 1819 च्या अहवालात आहे. रात्री जागे राहून फेरी घालणे, गावात कोण आले व कोण गेले हे लक्षात ठेवणे, संशयित माणसाची वर्दी पाटलाला देणे, आणि गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक ठाऊक असणे, ही त्याची नित्याची कामे. या साऱ्याला धार येई ती जबाबदारीच्या नियमाने. गावच्या हद्दीत चोरी झाली की चोर शोधणे जागल्याकडे. चोर वा माल सापडला नाही तर ऐपतीप्रमाणे नुकसान त्याने भरायचे आणि उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसायची. मागाने चोर पलीकडच्या गावात शिरल्याचे सिद्ध झाले, तर तिथल्या जागल्याची खात्री पटवून माग त्याच्या हवाली करायचा. तो स्वीकारला गेला की पहिल्याची सुटका, आणि पुढचा तपास दुसऱ्याच्या माथी. जिथवर माग निःसंशय पोहोचला, ते शेवटचे गाव चोरीच्या मालाला जबाबदार.

खात्री पटवण्याचे साधन म्हणजे पावलाचा ठसा. स्पष्ट उमटलेला ठसा निवडून काडीने किंवा दोऱ्याने त्याची लांबी, टाचेची आणि चवड्याची रुंदी घेतली जाई आणि हे माप जपून ठेवले जाई. मूळ ठसा टोपलीने किंवा पालथ्या भांड्याने झाकून ठेवला तर वाऱ्याने व ये-जा करणाऱ्यांनी मोडत नाही. माग काढणारा ठशांच्या ओळीवर पाय न देता बाजूने चालतो. उन्हे तिरपी असताना ठशाच्या कडांची सावली पडते, म्हणून सकाळची वेळ सर्वांत सोयीची. पण तीच वेळ गुरे रानात सुटण्याची. कळप एकदा पांदीतून गेला की माग बुजला. कातळ, ओढ्याचे वाहते पात्र आणि रात्रीचा पाऊस यांनीही तो तुटतो. मग ओढ्याच्या दोन्ही काठांनी वर-खाली चालून चोर जिथे पाण्याबाहेर निघाला ती जागा शोधावी लागे. माग शिवेच्या अलीकडेच तुटला तर भरपाई याच गावाच्या अंगावर येई, त्यामुळे शिवेजवळचे तंटे या प्रथेत अटळ होते.

मोबदला घरटी धान्याचा वाटा, काही ठिकाणी भाकरी आणि इनाम जमीन, असा असे. एल्फिन्स्टनने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे : हा हक्क घरोघर फिरून गोळा करावा लागे, म्हणून कोणाकडे किती आले-गेले हे जागल्याला आपोआप कळत राही. रोख पगारी पहारेकऱ्याला ही माहिती मिळत नाही. ही व्यवस्था समजून घेताना हा मुद्दा नजरेआड होऊ नये.

डोंगरी किल्ल्यांच्या परिसरात रामोशांकडे किल्ल्यांच्या राखणीचेही हक्क होते. पुरंदरचे उदाहरण सर्वांत परिचित आहे. पेशवाईच्या अखेरीनंतर हे हक्क व उत्पन्ने हिरावली गेली, आणि त्या असंतोषातून उमाजी नाईकांचा उठाव उभा राहिला. त्यांना 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फाशी देण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या राखण करणाऱ्या समाजावर पुढे गुन्हेगारीचा शिक्का बसला, हा त्यांच्यावर झालेला उघड अन्याय होय. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात रामोशी समाजाची गणना विमुक्त जातींत झाली.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात 1867 च्या ग्रामपोलीस कायद्याने गावची पोलीस व्यवस्था पाटलाच्या हाताखाली बांधली गेली, आणि 1874 च्या वतन कायद्याने आनुवंशिक हुद्द्यांचे नियमन झाले. सामूहिक भरपाईची जुनी रीत त्याआधीच मागे पडू लागली होती. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणाऱ्या 1958 च्या कायद्याने वतनाचा आधार संपला. 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्यान्वये आता पोलीस पाटील नेमला जातो. जुन्या मध्य प्रांतात, ज्यात आजच्या विदर्भाचा नागपूरकडील भागही येई, गावच्या राखणीचे काम कोतवालाकडे असे.